गुण कशाने आला?

हार्बर लाइनने पनवेलकडे निघालो की बेलापूर मागे पडते आणि खारघर येते. पनवेल तालुक्यातल्या या उपनगरात, डोंगराच्या पायथ्याशी, टाटा मेमोरिअल सेंटरचे कर्करोग संशोधनाचे विस्तीर्ण आवार आहे. ‘ॲडव्हान्स्ड सेंटर फॉर ट्रीटमेंट, रिसर्च अँड एज्युकेशन इन कॅन्सर’ हे त्याचे लांबलचक नाव. सगळे त्याला ॲक्ट्रेक म्हणतात. २००२ पासून ही संस्था इथे आहे. इथल्या प्रोटॉन किरणांच्या अवाढव्य यंत्राचे फोटो वर्तमानपत्रांत येतात, प्रयोगशाळांचे कौतुक होते, आणि ते रास्तच आहे. पण या आवारात आणि परळच्या टाटा रुग्णालयात वापरले जाणारे आणखी एक साधन आहे. त्याचा फोटो काढता येत नाही, आणि माझ्या मते त्याच्याइतके विलक्षण साधन वैद्यकाच्या हाती दुसरे आलेले नाही. ते साधन म्हणजे चिठ्ठ्या टाकणे.

एका रुग्णाला एक उपचार, दुसऱ्याला दुसरा, आणि कोणाला कोणता हे ठरवणार निव्वळ योगायोग. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला धक्का बसतो. जिवाचा प्रश्न आणि चिठ्ठ्या? तरीही गेल्या पाऊणशे वर्षांत कोणता उपचार खरोखर तारतो आणि कोणता नुसताच सोसावा लागतो, हे आपल्याला ज्या खात्रीने कळले, त्यातली बरीचशी खात्री या चिठ्ठीने दिलेली आहे. ती कशी, हे समजून घेण्यासारखे आहे. कारण आज ना उद्या प्रत्येक घरात हा प्रश्न येतो: ऑपरेशन करायचे की नाही?

अनुभव कुठे फसवतो

औषध घेतले, बरे वाटले, म्हणजे गुण औषधाचाच. हे इतके उघड वाटते की त्यावर शंका घेणाराच आडमुठा ठरतो. पण सर्दी आपली आपण जाते. गुडघेदुखी, पाठदुखी चढते आणि उतरते. आपण दवाखान्याची पायरी चढतो ती दुखणे अगदी टोकाला गेल्यावर, आणि टोकानंतर उतार बहुधा येणारच असतो. डॉक्टरांवर विश्वास असला की वेदना खरोखर हलकी होते. शिवाय ज्यांना गुण येत नाही ते सांगायला परत येत नाहीत. ते दुसरा दवाखाना धरतात, किंवा सांगायला उरत नाहीत. डॉक्टरांसमोर पेढे घेऊन येतात ते बरे झालेले.

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण पातेल्यातले प्रत्येक शीत एकाच तांदळाचे, एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजलेले असते. माणसे तशी नसतात. शेजारच्या काकांना जे लागू पडले ते तुमच्या वडिलांना पडेलच असे काकांकडे पाहून सांगता येत नाही.

मग उपचार घेतलेल्या शंभर जणांची आणि न घेतलेल्या शंभर जणांची तुलना केली तर? बरे वाटते, पण खरा खड्डा इथेच आहे. मोठी शस्त्रक्रिया कोणावर होते? ज्याची तब्येत भूल सोसेल त्याच्यावर. जो मुळात धडधाकट आहे, ज्याचा आजार कमी पसरलेला आहे, ज्याच्या घरचे पैसा आणि वेळ घेऊन पाठीशी उभे आहेत, त्याच्यावर. तो शस्त्रक्रियेविनाही जास्त जगला असता. अशा तुलनेत शस्त्रक्रिया जिंकते, पण जिंकवतात ती तिच्यासाठी निवडलेली माणसे.

भायखळ्याच्या तुरुंगातून सुरुवात

या कोड्याशी झटापट मुंबईत फार पूर्वी झाली आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन यांनी लस तयार केली, आधी स्वतःला टोचून घेतली, आणि १८९७ च्या जानेवारीत भायखळ्याच्या तुरुंगात पुढे आलेल्या कैद्यांना टोचली. ज्यांनी टोचून घेतली नाही त्यांच्यात प्लेग जास्त दिसला आणि मृत्यूही त्यांच्यातच झाले. निकाल उत्साह वाढवणारा होता. पण लस घ्यायला स्वतःहून पुढे येणारा माणूस आणि मागे राहणारा माणूस मुळात सारखेच होते का, ही शंका उरतेच. पुढच्या वर्षी उमरखाडीच्या तुरुंगात हाफकिन एक पाऊल पुढे गेले. कैद्यांना रांगेत बसवून एकाआड एक लस टोचली गेली. आता निवड ना कैद्याची होती ना डॉक्टरची. ती रांगेची होती. एकाच तुरुंगातले, एकच अन्न खाणारे, एकाच हवेत झोपणारे दोन गट. आज कैद्यांवर असे काही करायला कोणतीही नीतिसमिती परवानगी देणार नाही. पण तुलनेमागचा विचार अचूक दिशेने चालला होता.

एकाआड एक पद्धतीत एक फट राहते. पुढचा क्रमांक कोणत्या गटाचा हे आधीच कळते, आणि मायाळू डॉक्टर नकळत आपल्या अशक्त रुग्णाला एक जागा पुढेमागे सरकवू शकतो. ही फट बुजवली १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या एका चाचणीने. क्षयावर स्ट्रेप्टोमायसीन हे नवे औषध आले होते आणि ते सगळ्यांना पुरेल इतके नव्हतेच. ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या संख्याशास्त्रज्ञांनी यादृच्छिक आकड्यांवरून गट ठरवले आणि ते बंद लिफाफ्यांत ठेवले. रुग्ण चाचणीत दाखल झाल्यावरच लिफाफा उघडायचा. १०७ रुग्ण होते: ५५ जणांना औषध, ५२ जणांना त्या काळी रूढ असलेली केवळ विश्रांती. सहा महिन्यांनी औषधाच्या गटात ४ जण दगावले होते, दुसऱ्या गटात १४.

त्या लिफाफ्याने केलेले काम पुन्हा पुन्हा आठवावे असे आहे. वय, वजन, आजाराची पायरी या गोष्टी आपण मोजून दोन्ही गटांत सारख्या वाटू शकतो. पण ज्या गोष्टी आपल्याला ठाऊकच नाहीत त्यांचे काय? कोणाच्या शरीरात कोणते जनुक आहे, कोण रात्री शांत झोपतो, कोणाच्या घरी जीव लावणारे माणूस आहे? चिठ्ठीला यातले काहीही माहीत नसते, म्हणूनच ती पक्षपात करू शकत नाही. माणसे पुरेशी असली की माहीत असलेले आणि माहीत नसलेले असे सगळे फरक दोन्ही गटांत जवळपास सारखे विखुरतात. मग शेवटी जो फरक उरतो तो उपचाराचा, किंवा योगायोगाचा. आणि योगायोग किती मोठा असू शकतो हे गणित सांगते. आपल्या अज्ञानावर मात करण्यासाठी ते अज्ञान आधी दूर व्हावे लागत नाही, यापेक्षा आश्चर्याची गोष्ट वैद्यकात मला दुसरी दिसत नाही.

याच स्ट्रेप्टोमायसीनने आणखी एक धडा दिला. पाच वर्षांनी पाहिले तेव्हा औषधाच्या गटातलेही ३२ जण गेले होते आणि दुसऱ्या गटातले ३५. एकट्या औषधाला क्षयाचे जंतू सरावले होते. सहा महिन्यांचा निकाल खरा होता, पाच वर्षांचाही खराच होता. ‘उपयोग झाला का?’ या प्रश्नाला ‘किती दिवसांनी पाहिले?’ हा जोडप्रश्न असतोच.

मानेवर सुरी चालवायची का?

आता परळला येऊ. तंबाखू, मिश्री आणि गुटखा यांच्या देशात जिभेचा आणि गालाचा कर्करोग किती पाहावा लागतो, हे इथल्या शल्यविशारदांना सांगावे लागत नाही. आजार लवकर सापडला तर तोंडातली गाठ काढतात. पण मान तपासली, गाठी हाताला लागत नाहीत, तर मानेतल्या लसिका ग्रंथीही त्याच वेळी काढाव्यात का? की थांबावे, दर काही आठवड्यांनी तपासावे आणि गाठ उगवली तरच काढावी? मानेच्या शस्त्रक्रियेने खांदा जखडू शकतो, व्रण राहतो. ज्यांच्या मानेत रोग पोहोचलाच नव्हता त्यांना हे सगळे फुकट सोसावे लागते. दोन्ही बाजूंना निष्णात आणि प्रामाणिक डॉक्टर होते. पन्नास वर्षे वाद चालला.

२००४ पासून डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी टाटा रुग्णालयात चिठ्ठ्या टाकल्या. पहिल्या ५०० रुग्णांचा हिशेब मांडला तेव्हा चाचणीवर देखरेख ठेवणाऱ्या स्वतंत्र समितीने भरती थांबवायला सांगितले. तीन वर्षांनी हयात असलेले: मान लगेच उघडलेल्या गटात ८० टक्के, थांबलेल्या गटात ६७.५ टक्के. २०१५ साली हा निबंध ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने छापला आणि जगभरच्या उपचारपद्धतीवर त्याचा परिणाम झाला.

हे आकडे वाचायचे कसे, हे इथेच पाहू. ‘मृत्यूचा धोका ३६ टक्क्यांनी घटला’ असेही हाच निकाल सांगतो आणि ‘शंभरातले साडेबारा जण जास्त जगले’ असेही. दोन्ही खरे. पहिला आकडा थांबलेल्या गटाच्या धोक्याच्या प्रमाणात मोजलेला, दुसरा प्रत्यक्ष माणसांचा. घरी निर्णय घेताना दुसरा जास्त उपयोगी, कारण त्यातून कळते की आठ जणांच्या मानेवर लगेच शस्त्रक्रिया केली की तीन वर्षांनी एक माणूस जास्त हयात असतो. उरलेल्या सात जणांच्या बाबतीत निष्पत्ती तीच राहिली असती. आठांतला एक कोण, हे कोणालाच ठाऊक नसते. म्हणून आठही जण सोसतात. मला या हिशेबात एक गंभीर सौंदर्य दिसते.

आणि ३६ हा आकडा दगडावरची रेघ नाही. त्याच्यासोबत एक पट्टा छापलेला असतो: खरा फायदा ८ टक्क्यांपासून ५५ टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकतो. पट्टा शून्याला शिवत नाही, म्हणून फायदा आहे असे म्हणायचे. पट्टा रुंद आहे, म्हणून नेमका किती हे सांगताना जपून बोलायचे. मध्येच थांबवलेल्या चाचणीत फायदा थोडा फुगून दिसू शकतो, हेही ध्यानात ठेवायचे. म्हणूनच नंतर ब्रिटनमध्ये झालेल्या चाचणीचे आणि सगळ्या चाचण्या एकत्र मोजणाऱ्या अभ्यासाचे वजन त्याच पारड्यात पडले, हे महत्त्वाचे.

तीच सुरी, उलटा कौल

शस्त्रक्रिया जिंकली म्हणून सगळीकडेच ती जिंकेल असे नाही. स्तनाचा कर्करोग यकृतात, हाडांत, फुप्फुसांत पसरल्यावर सापडला, तर स्तनातली मूळ गाठ काढून उपयोग आहे का? ‘रोगाचे मूळच उपटून टाका’ हा विचार किती पटणारा आहे! रुग्णालयांच्या जुन्या नोंदीही सांगत होत्या की गाठ काढलेल्या स्त्रिया जास्त जगतात. पण गाठ कोणाची काढली जात होती? ज्यांची तब्येत बरी होती त्यांची.

टाटा रुग्णालयातच डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी २००५ ते २०१३ या काळात केमोथेरपीला प्रतिसाद दिलेल्या ३५० स्त्रियांमध्ये चिठ्ठी टाकली. २०१५ च्या ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’तला निकाल असा: ज्यांची मूळ गाठ काढली, काखेतल्या ग्रंथी काढल्या, रेडिएशन दिले, त्यांच्यातल्या निम्म्या १९.२ महिन्यांपर्यंत हयात होत्या, ज्यांचे यातले काहीही केले नाही त्यांच्यातल्या निम्म्या २०.५ महिन्यांपर्यंत. दोन वर्षांनी हयात असलेल्या ४१.९ आणि ४३ टक्के. फरक नाही. छातीवरचा रोग आटोक्यात राहिला, पण आयुष्य वाढले नाही. पटणारा तर्क आणि वर्षानुवर्षांच्या नोंदी एका बाजूला, आणि चिठ्ठीचा कौल दुसऱ्या बाजूला.

इथेच गोष्ट संपत नाही, आणि पुरावा तोलणे म्हणजे काय ते यापुढेच कळते. तुर्कस्तानातल्या एका चाचणीत उलटा निकाल आला: पाच वर्षांनी शस्त्रक्रियेच्या गटात ४१.६ टक्के स्त्रिया हयात, दुसऱ्या गटात २४.४ टक्के. मग कोण खरे? अशा वेळी मते मोजायची नसतात, चाचण्यांच्या आत डोकवायचे असते. तुर्कस्तानातल्या चाचणीत २७४ स्त्रिया होत्या, आणि चिठ्ठी टाकूनही शस्त्रक्रियेच्या गटात सौम्य स्वभावाचा आजार असलेल्या, हाडापुरताच पसरलेला रोग असलेल्या स्त्रिया जास्त आल्या. चिठ्ठी पक्षपात करत नाही, पण माणसे थोडी असली की योगायोगाने पारडे कलू शकते. त्यानंतर अमेरिकेतल्या चाचणीचा निकाल आला: तीन वर्षांनी ६८.४ आणि ६७.९ टक्के. म्हणजे पुन्हा फरक नाही. तीन निकाल शेजारी ठेवून आतली रचना तपासली की कल स्पष्ट दिसतो: नुसते आयुष्य वाढावे म्हणून ही शस्त्रक्रिया सर्वांवर करू नये.

‘उपयोग नाही’ असे सांगणाऱ्या चाचणीचे सत्कार क्वचित होतात. पण विचार करा: ज्या बाईच्या हाती दोन वर्षे आहेत, तिची मोठी शस्त्रक्रिया, टाके, ड्रेसिंग आणि खर्च त्या एका निकालाने वाचतो. ही देणगी नव्या औषधापेक्षा मुळीच लहान नाही.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगातही सुरीची परीक्षा झाली. टाटा रुग्णालयातल्याच डॉ. सुदीप गुप्ता आणि सहकाऱ्यांच्या २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आधी केमोथेरपी देऊन मग शस्त्रक्रिया केलेल्या स्त्रियांची तुलना केमोथेरपी आणि रेडिएशन एकाच वेळी दिलेल्या स्त्रियांशी झाली. ६३३ जणींचा हिशेब झाला. पाच वर्षे रोगमुक्त राहिलेल्या: शस्त्रक्रियेच्या गटात ६९.३ टक्के, रेडिएशनच्या गटात ७६.७ टक्के. एकाच छपराखाली शस्त्रक्रियेला तीन प्रश्न विचारले गेले आणि तीन वेगळी उत्तरे आली. म्हणून ‘ऑपरेशन चांगले की औषध?’ हा प्रश्नच अपुरा आहे. कोणासाठी, कोणत्या टप्प्यावर आणि कशाच्या तुलनेत, हे जोडल्यावरच तो प्रश्न होतो.

खारघरने मोजलेला त्रास

आयुष्य किती वाढले याइतकाच ते कसे जगता आले हा प्रश्न मोठा आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर काही स्त्रियांना ओटीपोटावर रेडिएशन द्यावे लागते. तिथेच आतडी असतात. किरण त्यांना भाजतात; मग महिनोन्‌महिने जुलाब, कळा, रक्त पडणे. बसने प्रवास करायचा, शेतावर जायचे, लग्नाला जायचे तर आधी संडास कुठे आहे ते पाहायचे. हा त्रास रोजच्या बोलण्यात येत नाही, बायका तो गिळून टाकतात.

नवे तंत्र किरणांना वळण देऊन, रोज प्रतिमा घेऊन आतडी वाचवायचा प्रयत्न करते. यंत्र महाग, वेळ जास्त. उपयोग होतो का? ॲक्ट्रेकमधल्या डॉ. सुप्रिया चोप्रा यांच्या नेतृत्वाखालच्या पार्सर चाचणीत २०११ ते २०१९ या काळात ३०० स्त्रियांमध्ये चिठ्ठी टाकली गेली. तीन वर्षांपर्यंत आतड्यांचा लक्षणीय त्रास झालेल्या स्त्रिया: जुन्या तंत्रात ४२.४ टक्के, नव्यात २१.१ टक्के. त्रास निम्मा. रोग आटोक्यात राहण्यात मात्र दोन्ही तंत्रे सारखीच ठरली. म्हणजे पाच जणींना नव्या तंत्राने रेडिएशन दिले की साधारण एकीचा कित्येक महिन्यांचा त्रास टळतो. पनवेल तालुक्यातल्या एका आवारातून निघालेला हा आकडा जगातल्या कोणत्याही रेडिएशन विभागाला उपयोगी आहे. या चाचणीने रोगाबरोबर रुग्णाचा दिवसही मोजला, आणि पुरावा तोलताना मी हीच कसोटी सर्वांत वर ठेवीन: जे मोजले ते रुग्णाला जाणवणारे होते का? अहवालावरचा आकडा सुधारणे आणि माणूस सुधारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

एक स्वस्त इंजेक्शन

२०२३ साली डॉ. बडवे यांच्याच गटाने आणखी एक निकाल ‘जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी’मध्ये छापला. दात काढताना हिरडी बधिर करण्यासाठी जे वापरतात ते लिग्नोकेन, स्तनातली गाठ काढण्याच्या काही मिनिटे आधी गाठीभोवती टोचायचे. बस्स, एवढेच. ११ केंद्रांतल्या जवळपास १,६०० स्त्रियांमध्ये चिठ्ठी. पाच वर्षांनी हयात: इंजेक्शन दिलेल्या गटात ९०.१ टक्के, न दिलेल्या गटात ८६.४ टक्के. शंभरात चार जणी जास्त, आणि तेही अत्यंत स्वस्त, कोणत्याही तालुक्याच्या शस्त्रक्रियागृहात असलेल्या औषधाने. शस्त्रक्रियेच्या वेळी गाठीला लागणाऱ्या धक्क्याने पेशी पसरायला मदत होत असावी आणि हे औषध ते रोखत असावे, असा त्यामागचा विचार आहे.

वाचून मन उचंबळते, आणि ते उचंबळू द्यावे. सोबत तराजूही हातात ठेवावा. ही एकच चाचणी आहे. दुसऱ्या गटाला खोटे इंजेक्शन दिलेले नव्हते, त्यामुळे कोणाला काय दिले हे शल्यविशारदाला ठाऊक होते. पुन्हा कोणी, दुसऱ्या देशात, हाच प्रयोग करून पाहायला हवा. दुसऱ्या पारड्यात हे: मृत्यू ही गोष्ट डॉक्टरच्या समजुतीने बदलत नाही, संख्या मोठी आहे, अपाय नगण्य आणि खर्च किरकोळ. जेव्हा अपाय मोठा आणि खर्च लाखांत असतो तेव्हा पुरावा अधिक भक्कम मागावा. इथे थोड्या कमी खात्रीवरही पाऊल टाकता येते. पुराव्याचे वजन आणि निर्णयाचे धाडस यांचे हे नाते शिकण्यासारखे आहे.

बेळगाव आणि नागपूरने शिकवलेले

एक चाचणी पुरत नसेल तर अनेक एकत्र मोजाव्यात. वेळेआधी बाळंत होण्याची शक्यता असलेल्या आईला स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले की बाळाची फुप्फुसे लवकर तयार होतात. त्याची पहिली चाचणी १९७२ साली न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांनी छापली. पुढे अनेक छोट्या चाचण्या झाल्या. एकेकटी पाहिली तर बहुतेकींचा कौल धूसर. एकत्र मोजल्या तर फायदा लख्ख. पण एकत्र मोजायला कित्येक वर्षे गेली, आणि तोवर अनेक बाळे वाचायची राहिली. जगभरचे पुरावे एकत्र तोलणाऱ्या, १९९३ साली स्थापन झालेल्या कॉक्रेन या संस्थेने याच चाचण्यांचा आलेख आपले बोधचिन्ह केले.

मग हा सिद्ध उपचार गावागावांत न्यावा, असे वाटले. सहा देशांत मोठी चाचणी झाली; भारतातली केंद्रे होती बेळगाव आणि नागपूर. २०१५ च्या ‘लॅन्सेट’मधला निकाल सगळ्यांना चक्रावणारा होता. अत्यंत कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू घटले नाहीत. आणि सगळ्या बाळांचा हिशेब केला तर इंजेक्शनाची मोहीम राबवलेल्या भागांत हजारी २७.४ आणि इतरत्र २३.९ मृत्यू. दिवस किती भरले हे गावात नेमके ठरवता येत नव्हते, म्हणून ज्यांना गरज नव्हती अशा अनेक मातांना इंजेक्शन मिळाले. मातांमध्ये जंतुसंसर्गाची शंकाही वाढलेली दिसली. पुढे २०२० मध्ये भारतासह पाच देशांतल्या रुग्णालयांत, सोनोग्राफीने दिवस मोजून, नवजातांची काळजी घेण्याची सोय असताना पुन्हा चाचणी झाली. तेव्हा तेच औषध तारक ठरले: नवजातांचे मृत्यू २३.५ टक्क्यांवरून १९.६ टक्क्यांवर.

औषध बदलले नव्हते. भोवतालची व्यवस्था बदलली होती. ‘सिद्ध झाले आहे’ या शब्दांपुढे ‘कुठे?’ हा शब्द जोडायचा असतो, हे या चाचण्यांनी जगाला दाखवले.

हो म्हणणारी माणसे

चिठ्ठी टाकण्याचा अधिकार केव्हा मिळतो? जाणकारांनाही खरोखर उत्तर ठाऊक नसते तेव्हाच. एक उपचार सरस आहे हे माहीत असताना चिठ्ठी टाकणे म्हणजे अन्याय. म्हणून नीतिसमिती हवी, रुग्णाच्या भाषेतले संमतीपत्र हवे, केव्हाही बाहेर पडायची मोकळीक हवी, आणि कौल स्पष्ट होताच थांबवणारी स्वतंत्र समिती हवी. भारतात क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री २००७ मध्ये सुरू झाली आणि जून २००९ पासून औषध नियंत्रकांनी चाचणीची नोंदणी सक्तीची केली. काय मोजणार ते आधीच जाहीर करायचे, म्हणजे नावडता निकाल दडवणे आणि बाण लागेल तिथे वर्तुळ काढणे अवघड होते. ही नोंदवही कोणालाही पाहता येते.

तिथे आयुर्वेदाच्या चाचण्यांचीही नोंद होते. पनवेल शहरात १८७२ पासून धूतपापेश्वर हा आयुर्वेदिक औषधांचा कारखाना आहे, आणि त्याच तालुक्यात प्रोटॉनचे यंत्र आहे. चिठ्ठी दोघांनाही एकच प्रश्न विचारते. औषध किती जुने, किती नवे, कोणत्या देशाचे, किती महागाचे, याच्याशी तिला कर्तव्य नाही. घेतलेल्यांत आणि न घेतलेल्यांत फरक पडला का, एवढेच ती पाहते. प्रत्येक वैद्यकपरंपरेला तिने दिलेला हा मान आहे असे मी समजतो.

आणि या सगळ्या टक्केवाऱ्यांच्या मुळाशी माणसे आहेत. तोंडाला कर्करोग झालेला असताना, घर हादरलेले असताना, ‘तुम्ही सांगाल तेच करू’ म्हणण्याऐवजी ‘तुम्हालाही ठाऊक नाही ना, मग टाका चिठ्ठी’ असे म्हणणारी माणसे. त्यांतल्या अनेकांना स्वतःला फायदा झाला नाही. आज एखाद्याची मान वेळेत उघडली जाते किंवा एखाद्या बाईची निरर्थक शस्त्रक्रिया टळते, ती त्यांच्या होकारामुळे.

तेव्हा तुमच्या घरी हा प्रसंग आला तर डॉक्टरांना आदराने पण नक्की विचारा. हा उपचार केला नाही तर काय होईल? माझ्यासारख्या शंभर जणांपैकी किती जणांना याने फायदा होतो आणि किती जणांना त्रास? हे चिठ्ठी टाकून पाहिलेले आहे की अनुभवावरून सांगता आहात? ज्यांच्यावर पाहिले ते वयाने, आजाराने, सोयींनी माझ्यासारखे होते का? त्यांनी मोजले ते मला जाणवेल असे काही होते का? चांगल्या डॉक्टरांना हे प्रश्न आवडतात. ‘याचे उत्तर अजून कोणालाच माहीत नाही’ असे ते म्हणाले तर त्यांच्यावरचा विश्वास वाढवा, कमी करू नका. आणि त्याच वेळी त्यांनी चाचणीचे संमतीपत्र पुढे केले, तर ‘आमच्यावर प्रयोग नको’ म्हणण्याआधी ते नीट वाचा, शंका विचारा, घरच्यांशी बोला. आपल्याला मिळालेले कितीतरी भक्कम उपचार कोणीतरी असे पान वाचून केलेल्या सहीवर उभे आहेत.